किनाऱ्याचा बेत आणि एक आत्या

मेनला जायचं आम्ही दोघींनी ठरवलं तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बर्फ पडत होता आणि आमच्या अपार्टमेंटचं हीटिंग पुन्हा बंद पडलं होतं. मी आणि माझी रूममेट एकाच ब्लँकेटात पाय खुपसून सोफ्यावर बसलो होतो. ती पुण्याची, मी नागपूरची. मास्टर्स करताना ओळख झाली, नोकऱ्या जवळपास लागल्या आणि आम्ही एकत्र राहायला लागलो. त्याला आता तीन वर्षं होत आली होती. ती बोलायची आणि मी ऐकायचे. हॉटेलात ऑर्डर ती द्यायची, मेंटेनन्सवाल्याशी भांडायची ती. रस्ते, पार्किंग, तिकिटं, कुठल्या दारातून आत शिरायचं हे सगळं माझ्याकडे असायचं.

"या वर्षी कुठेतरी धड जाऊ या यार," ती म्हणाली. "लोकांच्या बेसमेंटमध्ये पॉटलकला सगळ्यांचे डबे खाऊन खाऊन कंटाळा आलाय."

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. मेनच्या किनाऱ्याचा नकाशा माझ्याकडे बरेच दिवस उघडाच होता. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला अटलांटिकला लागून हे राज्य आहे. तिथला किनारा सरळ नाही. जुन्या साडीच्या पदराच्या दशा सुटाव्यात तशी जमीन समुद्रात शिरलेली आहे, आणि प्रत्येक दशेच्या टोकाला खडक, एखादं दीपगृह, दहा-बारा घरांचं गाव. आम्ही नागपूरची माणसं, समुद्र कुठल्याही बाजूने लांबच. कॉलेजच्या ट्रिपला गोव्यात पहिल्यांदा पाहिला, तर तिथे वाळू, गर्दी आणि भाड्याच्या खुर्च्या. मला खडकावर आपटणारा समुद्र पाहायचा होता. का, ते मला सांगता आलं नसतं आणि तिने विचारलंही नाही. ती म्हणाली, "चल, तू प्लॅन कर. मी फक्त स्नॅक्स आणते."

मी खरंच प्लॅन केला. संध्याकाळी ऑफिसचं काम मिटलं की मी नकाशा घेऊन बसायचे. तिथे भरती-ओहोटीत पाणी दोन पुरुष उंच चढतं आणि उतरतं, त्यामुळे कुठल्या दिवशी कुठल्या खडकावर कधी जायचं हे पाण्याकडे बघून ठरवावं लागतं. एका गावात ओहोटीच्या वेळी समुद्रातून वाट उघडी पडते आणि समोरच्या बेटावर चालत जाता येतं. पाणी वाढायच्या आत परत आलं नाही तर पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावरच बसायचं. एका डोंगरावर सूर्योदय बघायला गाडी न्यायची तर आधी परवाना घ्यावा लागतो. परवाने सुटतात त्या सकाळी मी ऑफिसची मीटिंग म्यूट करून तो मिळवला. शेवटच्या तीन रात्रींसाठी एका म्हाताऱ्या बाईंचं पाण्यालगतचं कॉटेज घेतलं. त्यांच्याशी ईमेलवर बोलताना मला बरं वाटायचं. तोंडाने बोलण्यापेक्षा लिहून बोलणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

मार्चमध्ये तिचा बॉयफ्रेंड बेतात आला. तो अ‍ॅशबर्नला राहतो, व्हर्जिनियात. "त्याला नाही म्हटलं तर किती वाईट दिसेल," ती म्हणाली. मला ते पटण्यासारखं होतं. मी कॉटेजच्या बाईंना लिहिलं, दोघींऐवजी तिघं. एप्रिलमध्ये त्याच्या आई-वडिलांचं उन्हाळ्यासाठी पुण्याहून यायचं ठरलं, आणि मग ते दोघंही बेतात आले.

"दिवसभर घरात बसून काय करणार ग ते? आणि माझ्यासाठी पण इम्पॉर्टंट आहे हे. एकदा त्यांच्याबरोबर आठवडा काढला की लग्नाचं ते स्वतःच काढतील," ती म्हणाली.

मी लिहिलं, पाच जण. बाईंनी उत्तर पाठवलं, माळ्यावर अजून एक गादी आहे.

खरं तर दोघींचा बेत पाच जणांचा झाला तेव्हाच मला थोडं लागलं होतं. पण ती लग्नाबद्दल बोलत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकी धास्ती होती की मीच तिला समजावलं, होईल सगळं नीट. त्याच्या वडिलांच्या, म्हणजे काकांच्या, गुडघ्यांना झेपतील अशा वाटा शोधल्या. काकू अंडंसुद्धा खात नाहीत हे कळल्यावर लॉबस्टरची सगळी ठिकाणं बेतातून काढली आणि राइस कुकर, फ्रोझन पोळ्या, लोणचं असं सामान लिहून ठेवलं. तिचा बॉयफ्रेंड म्हणाला, "मेनला जाऊन वरण-भात. लॉबस्टर नुसता बघायचा, नमस्कार करायचा आणि पुढे जायचं." त्यावर आम्ही खूप हसलो होतो.

मे महिन्यात त्याचे आई-वडील आले आणि एका रविवारी दुपारी ते तिघं आमच्याकडे जेवायला आले. जेवण झाल्यावर रूममेटने मला ढकललं, "दाखव ना प्लॅन." मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि भिंतीकडे बघत, म्हणजे लोकांकडे न बघता, सात दिवस सांगितले. पहिल्या दिवशी पोर्टलंड. मग पेमाक्विडचं दीपगृह, जिथे खडकांना पट्टे आहेत, जणू कुणी विणल्यासारखे. मग बार हार्बर, सूर्योदय, ती पाण्यातली वाट, बोटीची एक फेरी. शेवटी अगदी वरचं टोक, तिथून पलीकडे कॅनडा दिसतो. काका चष्मा कपाळावर सरकवून नकाशा बघत होते.

"ही मुलगी सैन्यात हवी होती," ते म्हणाले. "आमच्या सोसायटीची सहल असली की सकाळी सातची बस दहाला सुटते."

"तुमच्यामुळेच सुटते दहाला," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "किती नीट केलंयस ग सगळं. हुशार आहेस हो. आडनाव काय तुझं?"

माझं तोंड उघडेपर्यंत उत्तर आलं होतं. रूममेट स्वयंपाकघरात चहा गाळत होती. तिथूनच तिने एक आडनाव सांगितलं. ते माझं नव्हतं. पुण्यात कुठल्याही इमारतीच्या पाट्या वाचल्या तर एकदा तरी सापडेल असं, अगदी सरळ, सुरक्षित आडनाव.

मला आधी वाटलं ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे.

"अय्या!" काकूंनी हात जोरात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "मग तर तू माझ्या माहेरचीच की! ऐकलंत का हो? हिचं आडनाव तेच आहे, आमचं!"

"तुझ्या माहेरचे कुठे नाहीत?" काका म्हणाले. "चंद्रावर गेलो तरी एक तिथे उपमा खात बसलेला असेल."

"तुम्ही गप्प बसा. नागपूरला कुठे राहता ग तुम्ही? मूळचे कोकणातलेच असणार. माझे एक चुलत आजोबा त्या बाजूला गेले होते रेल्वेत. कुलदैवत कोणतं तुमचं?"

स्वयंपाकघरातून रूममेट ट्रे घेऊन जवळजवळ धावत आली. "काकू, तिला ते सगळं काही माहीत नसतं हो. इंग्लिश मीडियमची आहे ती. धड मराठी अंक येत नाहीत तिला."

सगळे हसले. मला मराठी अंक येतात. बाबांनी लहानपणी रोज संध्याकाळी पेपरचा एक कॉलम मोठ्याने वाचायला लावून मला मराठी पक्कं शिकवलं आहे. आणि कुलदैवताच्या प्रश्नाचं उत्तरही माझ्याकडे होतं. आम्ही बौद्ध आहोत. आमच्या घरी बैठकीच्या खोलीत बुद्धमूर्ती आहे आणि दारावर बाबांनी आडनावाची पाटी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लावून घेतली आहे. मी चहाचा कप हातात घेतला. काकू प्रेमाने म्हणाल्या, "आता मला काकू म्हणायचं नाही हं. आत्या म्हणायचं. नातंच आहे आपलं."

इथे एक सांगायला हवं. रूममेटला माझं सगळं माहीत होतं, आणि मी ते स्वतः सांगितलं होतं. एकत्र राहायला लागून काही महिने झाले होते. भांडी घासताना बोलता बोलता मी तिला पुण्यातली गोष्ट सांगितली, पहिल्या नोकरीच्या वेळची. भाड्याचं घर पसंत पडलं, घरमालकीण बाईंनी चहा दिला, चावीसुद्धा हातात दिली, आणि मग पूर्ण नाव विचारून चावी परत मागितली, त्यांचा भाऊ राहायला येणार आहे म्हणून. घराबाहेरच्या कुणालाही मी हे तोपर्यंत सांगितलं नव्हतं. रूममेटच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "कुठल्या जमान्यात राहतात यार लोक," ती म्हणाली होती. "माझ्या तर डोक्यातसुद्धा आलं नाही कधी." त्या वाक्यावर मी दोन वर्षं विसंबून होते.

ते तिघं गेल्यावर मी विचारलं, "तू असं का सांगितलंस?"

"अगं सटकन निघून गेलं तोंडातून." ती कप सिंकमध्ये ठेवत होती. "तुला ऑकवर्ड नको व्हायला म्हणून केलं. तू आधीच लोकांसमोर किती घाबरतेस. एक आठवडा आहे ग. नंतर कोण भेटतंय त्यांना?"

"तू भेटणार आहेस. लग्न करणार आहेस."

"तेच तर. माझ्यासाठी कर ना."

मी कप पुसायला घेतले, आणि तिने ते हो असं धरलं.

पुढच्या दिवसांत आत्यांचे मेसेज येऊ लागले. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी 'डबा नेतेस ना ग ऑफिसला'. एकदा अ‍ॅशबर्नहून मुलाबरोबर माझ्यासाठी वेगळा डबा पाठवला, नारळाच्या वड्यांचा, त्यावर पट्टी चिकटवून लिहिलं होतं 'माझ्या भाचीला'. रूममेटबरोबर वाटून खायचा डबा वेगळा होता. मी वड्या खाल्ल्या. छान झाल्या होत्या. कॉटेजमध्ये कोण कुठे झोपणार हेही त्यांनी ठरवून टाकलं, "भाची माझ्या खोलीत, यांना वर माळ्यावर पाठवा घोरायला." आईपासून इतक्या लांब राहताना कुणी असं आपलं आपलं केलं की बरं वाटतं, आणि मला बरं वाटत होतं. मग आठवायचं की हे लाड जिच्यासाठी आहेत ती मुलगी मी नाहीच. फोन वाजला की मी आधी तो उलटा करून ठेवायचे. कधीतरी त्या नागपूरच्या कुठल्या तरी नातलगाला फोन लावतील आणि विचारतील, याची मी वाट बघत होते.

जून संपत आला तशी रूममेट एकदा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत यायच्या आधी ती दारावर कधी टकटक करत नसे; त्या दिवशी केली.

"ऐक ना. बुकिंग्ज सगळी तुझ्या नावावर आहेत ना? ती माझ्या नावावर करून टाकशील?"

"का?"

"अगं तिथे चेक-इनला पूर्ण नाव विचारतात. ती कॉटेजवाली बाई दारात उभी राहून मोठ्याने हाक मारेल. बोटीवर तर यादी वाचून आत घेतात. काकू शेजारी असणार सारख्या. उगाच कशाला."

मी स्क्रीनकडे बघितलं. जानेवारीपासूनच्या त्या सगळ्या ईमेल्स, त्या बाईंची 'प्रिय' अशी सुरुवात आणि पुढे माझं नाव. तोपर्यंत मी स्वतःला सांगत होते की ती एक चूक होती, धास्तीत झालेली. पण हे ठरवून होतं. मी शोधलेल्या जागांवर मी जायचं, मी ठरवलेल्या वाटेने सगळ्यांना न्यायचं, गाडीही बहुतेक मीच चालवायची, आणि माझं नाव मात्र कुठेही ऐकू येता कामा नये.

"बघते," मी म्हटलं.

मला भांडता येत नाही. शाळेत आम्हाला नुसत्या नावाने हाक मारायचे, आडनाव फक्त हजेरीच्या वेळी. बाबांना वाटायचं इंग्लिश मीडियममध्ये घातलं की मुलगी धीट होईल, इंग्रजीत कुणी काही विचारत नाही. मी धीट झाले नाही. मी फक्त प्रश्न यायच्या आधी ओळखायला शिकले. आता प्रश्न येऊन गेला होता आणि उत्तर दुसरीने दिलं होतं.

पुढच्या शनिवारी आत्या मुलाबरोबर एडिसनला आल्या. ट्रिपचं सामान ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानात घ्यायचं होतं, आणि त्यांना माझ्याच गाडीतून जायचं होतं. "आम्ही दोघी जाऊ, आत्या-भाची. तुम्ही बसा मॅच बघत." रूममेटने माझ्याकडे पाहिलं. मी चाव्या उचलल्या.

गाडी चालवताना मला बोलता येतं, कारण समोर बघायचं असतं. सिग्नलला थांबलो तेव्हा त्या त्यांच्या वडिलांबद्दल सांगत होत्या, मुलींना शिकवायचं म्हणून कसे भावांशी भांडले ते. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला एक सांगायचंय."

"काकू काय? आत्या."

"माझं आडनाव ते नाहीये." आणि मी माझं आडनाव सांगितलं. मग, ते पुरेसं नसेल तर म्हणून, "आम्ही बौद्ध आहोत," असंही सांगितलं. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लागेपर्यंत त्या मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होत्या आणि बंद करत होत्या.

"मग तिने तसं का सांगितलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

"तुला त्रास नको म्हणून असेल."

"मला कसला त्रास होणार होता, काकू?"

त्यावर त्या माझ्याकडे बघून चटकन म्हणाल्या, "अगं आम्ही काही तसले नाही हं. यांच्या ऑफिसातले कितीतरी लोक घरी यायचे. सगळे."

"हो," मी म्हटलं.

दुकानात त्यांनी नेहमीसारख्या पोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा बघितल्या, लोणच्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन तेल किती आहे ते पाहिलं. मी ट्रॉली ढकलत होते. रांगेत त्यांनी माझ्यासाठी म्हणून घेतलेलं चिवड्याचं पाकीट ट्रॉलीतून काढलं नाही, हे मी पाहिलं. परत येताना त्यांनी हवेबद्दल विचारलं, मेनमध्ये स्वेटर लागेल का. लागेल, मी म्हटलं, धुकं असतं. घराशी उतरताना म्हणाल्या, "तू मनात काही आणू नकोस हं, बाळ." त्या दिवसानंतर त्यांनी मला भाची म्हटलं नाही. सकाळची फुलंही थांबली. त्या वाईट वागल्या असं मला म्हणता येणार नाही. त्या फक्त अदबीने वागू लागल्या.

दोन-तीन दिवसांनी रूममेट ऑफिसमधून आली आणि बूट न काढताच म्हणाली, "मेन कॅन्सल. नायगरा करतायत ते. काकांचे गुडघे दुखतायत, खडकांवर चालायला नको म्हणे. फॅमिली फॅमिलीच जाऊ असं काकू म्हणाल्या."

"तू चालली आहेस?"

"मला जावंच लागेल ना." मग तिचा आवाज चढला. "तुला एक आठवडा गप्प बसता आलं नाही? एरवी तर तोंड उघडत नाहीस! पिझ्झाची ऑर्डरसुद्धा मला द्यावी लागते. आणि नेमकं तिथे बोललीस? त्यांना काय वाटलं असेल माझ्याबद्दल? मी खोटारडी ठरले."

मी सोफ्यावर बसले होते. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. गेले कित्येक आठवडे एक गोष्ट मला टोचत होती आणि ती तेव्हा नीट शब्दांत आली.

"मला एक सांग," मी म्हटलं. "त्या दिवशी तू आत चहा गाळत होतीस. त्यांनी विचारलं आणि तू लगेच सांगितलंस. जराही थांबली नाहीस. ते आडनाव तुला इतक्या पटकन कसं सुचलं?"

ती बूट काढायला खाली वाकली. नाडी सोडायला तिला फार वेळ लागला.

"आधी सांगितलं होतं," ती खालीच बघत म्हणाली.

"कुणाला?"

"आई-बाबांना. आपण इथे राहायला आलो तेव्हा. आईने विचारलं, कोण आहे रूममेट, आणि मी... अगं ती काही वाईट नाहीये, पण मग सारखे प्रश्न, स्वयंपाक एकत्र करता का, भांडी... मला ते नकोच होतं सगळं. तुझ्यापर्यंत पोहोचू द्यायचं नव्हतं मला. म्हणून आमच्या शेजारच्यांचं आडनाव सांगितलं. काकूंचं माहेर तेच निघेल हे मला काय माहीत?"

तिची आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर यायची. मागून मी जाताना दिसले की हाक मारायची, "काय ग बाळा, जेवलीस का? ही करते का काही, की सगळं तुलाच करायला लावते?" मी स्क्रीनसमोर वाकून हसायचे. दिवाळीला तिच्या पार्सलात माझ्या नावाचा वेगळा चिवडा असायचा. तीन वर्षं. भांडी घासताना मी तिला चावीची ती गोष्ट सांगितली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा हे आडनाव पुण्यात पोहोचून कितीतरी महिने झाले होते. असलं काही डोक्यातसुद्धा आलं नाही असं ती म्हणाली, तेव्हासुद्धा.

"मी तुझ्यासाठीच केलं," ती पुन्हा म्हणाली. आता ती रडत होती. "मी कधी तुझ्याशी वेगळी वागले का? एकाच ताटात खाल्लंय आपण."

ते खरं होतं. ती तेवढंच बोलून थांबली असती तर मी कदाचित तिच्याजवळ जाऊन बसले असते. पण डोळे पुसून तिने विचारलं, "कॉटेजचं कॅन्सल करतेस ना? आणि आमच्या नायगराच्या प्लॅनमध्ये मला मदत कर थोडी. तुझ्यासारखं मला नाही जमत."

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"दोन्ही नाही."

तिला वाटलं मी अजून काही बोलेन. मग ती बूट उचलून तिच्या खोलीत गेली.

पाच जणांसाठी भाड्याने ठरवलेली मोठी व्हॅन मी रद्द केली आणि ठरलेल्या दिवशी माझी छोटी गाडी घेऊन एकटी निघाले. इतकं लांब एकटीने मी कधीच ड्राइव्ह केलं नव्हतं. कनेटिकटमध्ये ट्रॅफिक तुंबलं होतं, पेट्रोल भरताना समोरच्या माणसाने हवेबद्दल काही विचारलं तर मी मान हलवून गाडीत बसले. पोर्टलंडला धुकं होतं आणि काहीच दिसलं नाही. पेमाक्विडला मात्र ऊन पडलं. पट्ट्यांचे ते खडक वाटले होते त्यापेक्षा खूप मोठे होते, आणि समुद्र खरंच आपटत होता, अगदी अंगावर येत होता. मी जिथे बसले तिथून मागे दोन मुली एकमेकींचे फोटो काढत होत्या. मी तिथे फार वेळ बसले नाही. मनात सारखी तिच्याशी वाद घालत होते. तिने काय म्हटलं असतं आणि मी काय उत्तर दिलं असतं, यात पुढचे दोन दिवस गेले, आणि डोंगरावरचा तो सूर्योदय मी पाहिला तरी मला धड आठवत नाही.

कॉटेजच्या बाई दारातच उभ्या होत्या, ईमेलवरून वाटल्या होत्या त्याहून उंच आणि खूप वयस्कर. त्यांनी माझ्या मागे गाडीकडे पाहिलं. बाकीचे मागून येतायत का, त्यांनी विचारलं. नाही, मी एकटीच आहे, मी म्हटलं. त्यांनी आत जाऊन पलंगांवर घडी करून ठेवलेले टॉवेल गोळा केले, एक माझ्यासाठी ठेवला आणि बाकीचे छातीशी धरून हळूहळू त्यांच्या घराकडे निघून गेल्या.

संध्याकाळी मागच्या पायऱ्यांवर बसले होते. ओहोटी होती, काळे शेवाळी खडक उघडे पडले होते. फोनवर मेसेज होता, तिचा. 'पोचलीस का?' आम्ही दोघी कुठेही गेलो तरी एकमेकींना हे विचारायचो, ओक ट्री रोडला जाऊन आलो तरी. मी उत्तराच्या जागेत बोट ठेवलं. काय लिहायचं होतं मला माहीत होतं, एकच शब्द होता, आणि तो मी लिहिला नाही.

मग आईला फोन लावला. तिकडे पहाट होती, ती नुकतीच उठली होती.

"पोचले," मी म्हटलं.

"बरं झालं. कशी आहे जागा? मैत्रीण काय म्हणते?"

"ती नाहीये."

"नाहीये म्हणजे? एकटी गेलीस तू?"

"हो."

"काय झालं ग?"

मी खालच्या खडकांकडे बघत राहिले. मागे बाबांनी रेडिओ लावल्याचा आवाज येत होता.

"थांब, बाबांना बोलावते," आई म्हणाली. "स्पीकरवर टाकते."

दारावरची बाबांची ती मोठ्या अक्षरांतली पाटी मला आठवली. "नको," मी म्हटलं. "बाबांना नको सांगूस अजून. आधी तू ऐक."